शेतासाठी मेटल डिटेक्टर निवडताना

मुरबाड तालुक्यातील आमची भातशेती अजून भावकीत सामाईक आहे. ती प्रत्यक्षात कसतो माझा चुलतभाऊ, ज्याला घरातले सगळे दादा म्हणतात. मी ठाण्यात राहतो, त्यामुळे मोटारीचा सुटा भाग, फवारणीचा पंप, ताडपत्री अशा शहरातून आणायच्या वस्तूंची जबाबदारी माझ्याकडे असते. मेटल डिटेक्टरची मागणीही तशीच आली. ती गुप्तधनासाठी नव्हती हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढे ज्यांच्याकडे मी या यंत्राची चौकशी केली त्यांच्यापैकी बहुतेकांनी प्रथम तोच अर्थ घेतला.

निमित्त होते गोठ्यातल्या गायीचे. ती चारा खाईनाशी झाली, दूध एकदम आटले आणि पाठ वर काढून, पुढचे कोपर बाहेर टाकून ती उभी राहू लागली, तेव्हा पशुवैद्यकांनी तपासून पोटात तार किंवा खिळा गेल्याची शंका व्यक्त केली. गुरे चारा निवडून खात नाहीत. गवताबरोबर गिळला गेलेला धातूचा तुकडा पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन पडतो, आणि हा कप्पा हृदयापासून अगदी थोड्या अंतरावर असल्यामुळे टोकदार तार आतल्या आत सरकत हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते. डॉक्टरांनी तिला लोहचुंबक गिळवला, जो पुढे त्याच कप्प्यात राहून लोखंड धरून ठेवतो. औषधे दिली आणि गाय बचावली. जाताना त्यांनी दादाला एवढेच विचारले, “पेंढा विकतचा की घरचा?”

पेंढा घरचाच होता. बांधावरचे काटेरी तारेचे कुंपण काही वर्षांपूर्वी वादळात आडवे झाले होते, तिथेच गंजले होते, आणि गवत कापण्याच्या यंत्राने व पाठोपाठ रोटाव्हेटरने त्याचे बोटभर लांबीचे तुकडे करून ते खाचरात पसरवले होते. ते तुकडे वेचून काढणे हे पहिले काम. दुसरे काम वहिनींचे होते: लावणीच्या चिखलात त्यांच्या बोटातून निसटलेली सोन्याची अंगठी त्याच बाजूच्या एका खाचरात कुठेतरी होती. तिसरे काम विहिरीपासून वरच्या माळाकडे गेलेल्या जुन्या लोखंडी पाइपचा माग काढण्याचे, कारण तो पुरणारे काका आता हयात नाहीत आणि पाइप कुठून गेला आहे याविषयी घरात तीन मते आहेत. लोखंड, सोने आणि पुरलेली नळी या तिन्हींना चालेल असे एकच यंत्र हवे होते.

मी प्रथम स्वस्तातला उपाय पाहिला. ट्रॅक्टरच्या मागे लावायची चुंबकाची पट्टी मिळते आणि ती वरवर पडलेले खिळे, तारा उचलते. पण मातीखाली दोन बोटे गेलेला तुकडा ती उचलत नाही, आणि सोन्याला चुंबकाचे काही देणेघेणे नाही. भूमापनवाले पुरलेल्या लोखंडी खुणा शोधायला चुंबकीय लोकेटर वापरतात, तो पाइपसाठी उत्तम ठरला असता, परंतु त्यालाही फक्त लोखंडच कळते. म्हणून डिटेक्टरच घ्यायचा असे ठरले.

ठाण्यात सुरक्षा उपकरणे विकणाऱ्या दुकानांत जे डिटेक्टर ठेवलेले असतात ते मॉलच्या दारात अंगावरून फिरवण्याचे, हातभर लांबीचे. जमिनीवर चालवायची यंत्रे हवीत असे म्हटल्यावर दुकानदार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजाराचा, रस्ता दाखवतात. तिथेही माझ्या प्रश्नाआधी समोरून प्रश्न आला, “साहेब, किती फूट खोल पाहिजे?” आणि मी काही बोलण्याच्या आत कपाटातून एक पेटी निघाली, जिच्यातल्या दांड्याला फिरती अँटेना होती. यंत्राला कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायचे तारेचे वेटोळे, नव्हती. ‘सोने’ असे बटण दाबायचे आणि शेताच्या कडेला उभे राहायचे. अँटेना आपोआप धनाकडे वळते, तेही दूर अंतरावरून आणि कित्येक फूट खोलीपर्यंत, असा दावा होता. या जातीच्या वस्तूंचा इतिहास भीषण आहे. एडीई ६५१ नावाची अशीच फिरत्या अँटेनाची कांडी जेम्स मॅककॉर्मिक या इंग्रज व्यापाऱ्याने इराकमधील तपासणी नाक्यांसाठी स्फोटके शोधण्याचे साधन म्हणून विकली होती; आत शोध घेणारे काहीही नव्हते, आणि २०१३ साली त्याला इंग्लंडमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे अशी यंत्रे गुप्तधनाच्या आशेवर खपतात. गुप्तधनाच्या नादाने किती अघोरी प्रकार होत आले याची जाणीव ठेवूनच आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. मी पेटी परत केली.

खोलीचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला आणि त्यासाठी थोडे वाचन केले. बहुतेक सर्वसाधारण डिटेक्टर कॉइलमधून काही हजार ते काही दशसहस्र हर्ट्‌झचे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतात. त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे वीजप्रवाह निर्माण होतात, त्यांचे स्वतःचे दुबळे क्षेत्र तयार होते आणि दुसरी कॉइल ते टिपते. नाण्याएवढ्या लहान वस्तूच्या बाबतीत हा संकेत जाताना एकदा आणि येताना पुन्हा एकदा अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे, कॉइलच्या आकाराच्या पलीकडे गेल्यावर अंतर दुप्पट झाले की परत येणारा संकेत साधारण चौसष्ट पटींनी क्षीण होतो. एका वितीवर खणखणीत वाजणारी अंगठी दोन वितींवर जवळजवळ मुकी का होते, याचे हे कारण. यंत्राची शक्ती वाढवून या हिशेबावर फारशी मात करता येत नाही. पिंप, पत्रा, नांगराचा फाळ अशा मोठ्या वस्तूंची गोष्ट निराळी. त्या बऱ्याच खालून जाणवतात.

हे मी दादाला फोनवर सांगत होतो तेव्हा त्याने जे उत्तर दिले त्याने निवडीचा निम्मा गुंता सुटला. तो म्हणाला, “अरे, वीतभरापेक्षा खाली मी तुला खणूच देणार नाही. खाचराचा तळ फुटला तर पाणी कोण धरणार?” वर्षानुवर्षे चिखलणी झालेल्या भातखाचरात मऊ गाळाच्या थराखाली एक घट्ट, दाबला गेलेला थर तयार होतो आणि त्याच्यामुळे खाचरात पाणी उभे राहते. कुदळीने तो थर भोसकला की त्या जागी पाणी मुरू लागते, आणि पुढच्या पावसाळ्यात एका कोपऱ्यातला भात वाळताना दिसतो. शिवाय अंगठीसारखी जड वस्तू चिखलातून खाली गेली तरी बहुधा याच थरावर येऊन टेकते. म्हणजे आम्हाला ज्या खोलीची गरज होती ती कोणत्याही बऱ्या यंत्राच्या आवाक्यातली होती, आणि ज्या खोलीच्या जोरावर दुकानदार किंमत चढवत होते तिचा आम्हाला उपयोग नव्हता.

मग निवड कशावर करायची? याचे उत्तर मातीत होते. आपला सगळा प्रदेश सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर बसलेला आहे, आणि त्या काळ्या बेसॉल्टची झीज होऊन झालेल्या मातीत मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजांचे बारीक कण पुष्कळ असतात. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. जुन्या लाउडस्पीकरचा चुंबक मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आमच्या वरकस, म्हणजे खाचरांच्या वरच्या उताराच्या, जमिनीच्या कोरड्या धुळीतून दोन-चार वेळा ओढला, तर पिशवीच्या तळाला काळ्या, चमकदार कणांची दाट लव उभी राहिली. चुंबक आतून काढून घेताच ती सगळी एकदम कागदावर सांडली. खालच्या खाचरातल्या करड्या मातीने तेवढे कण दिले नाहीत, पण दिले. डिटेक्टरच्या दृष्टीने ही माती स्वतःच एक पसरलेले लोखंड आहे. ती कॉइलला सतत उत्तर देत राहते, आणि त्या गलबल्यातून अंगठीचा क्षीण आवाज वेगळा काढायचा असतो. मातीचे उत्तर वजा करण्याच्या या सोयीला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. माहितीपत्रकात ती शेवटच्या ओळींत दिलेली असते, पण आमच्यासाठी तीच पहिली अट ठरली.

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या अनेक यंत्रांत हा बॅलन्स कारखान्यातच ठरवून दिलेला असतो, उदाहरणार्थ गॅरेटच्या एस (ACE) ३०० आणि ४०० या नावाजलेल्या मॉडेलमध्ये. सौम्य मातीच्या देशांत त्याने काही अडत नाही, आणि नवशिक्याला एक बटण कमी हाताळावे लागते. आमच्या मातीत काय होते हे पाहण्यासाठी मी डोंबिवलीच्या एका परिचिताकडून अशाच ठरावीक बॅलन्सचे, एकाच फ्रिक्वेन्सीचे एक जुने यंत्र काही दिवसांसाठी मागून आणले. ठाण्यात त्याची चाचणी घेणे व्यर्थ होते. घरात फरशीखालच्या सळया वाजत होत्या आणि सोसायटीच्या बागेत विजेच्या केबल. गावी गेल्यावर आम्ही माझी बावीस कॅरेटची अंगठी दोऱ्याला बांधून एकदा चार बोटे आणि एकदा वीतभर खोल पुरली, शेजारी काटेरी तारेचा तुकडा, पत्र्याचा खिळा आणि चालू चलनातला एक रुपया पुरला आणि प्रत्येकाच्या जागी काडी रोवली. खाचरात यंत्राने सेन्सिटिव्हिटी बरीच उतरवल्यावर वरची अंगठी व्यवस्थित सांगितली. खालची एका दिशेने जाताना वाजे आणि परत येताना गप्प राही. वरकसावर तर कॉइल जरा वर-खाली झाली की आवाज, मुरमातला एखादा काळा दगड आला की आवाज, असे सतत चालले, आणि वीतभर खालच्या अंगठीचा पत्ताच लागला नाही. रुपया लोखंडाच्या आवाजात बोलला, जे बरोबरच होते. १९९२ पासूनचे रुपये चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे आहेत.

या चाचणीनंतर अटी पक्क्या झाल्या. ग्राउंड बॅलन्स हाताने आणि आपोआप, दोन्ही प्रकारे करता आला पाहिजे. कॉइल डबल-डी प्रकारची हवी. तिच्यात दोन वेटोळी इंग्रजी डी अक्षराच्या आकारात एकमेकांवर थोडी चढवलेली असतात आणि क्षेत्र मधल्या अरुंद पट्टीत एकवटते, म्हणून एकात एक गोल वेटोळ्यांच्या कॉइलपेक्षा तिच्या नजरेखाली एका वेळी कमी माती येते आणि मातीचा गोंधळही कमी होतो. शक्य तर यंत्र एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारे असावे. कमी फ्रिक्वेन्सी चांदी-तांब्याच्या व मोठ्या वस्तूंना अनुकूल असते, जास्त फ्रिक्वेन्सी बारीक सोन्याला, आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहणाऱ्या यंत्राला माती आणि धातू यांतला फरक अधिक चांगला कळतो. पल्स इंडक्शन नावाची दुसरी पद्धत खनिजयुक्त मातीला जवळजवळ दाद देत नाही आणि ऑस्ट्रेलियातील सोनेशोधक तिच्यावर भिस्त ठेवतात, पण तिला लोखंड आणि सोने यांतला भेद नीट सांगता येत नाही. खिळ्यांनी भरलेल्या शेतात तिच्यामागे लागणे म्हणजे प्रत्येक खिळ्यासाठी उकिडवे बसणे.

एक अट मला कोणाच्याच सल्ल्यात सापडली नव्हती, कारण डिटेक्टरची सारी जाहिरात लोखंड गाळण्याच्या कौशल्यावर चालते. छंद म्हणून फिरणाऱ्याला नाणी हवी असतात आणि लोखंड नको असते. आमचे उलटे होते: गायीच्या दृष्टीने सर्वांत मौल्यवान शोध म्हणजे गंजलेल्या तारेचा तुकडा. म्हणून लोखंड गाळणे आणि सर्व धातू ऐकणे यांत सेटिंगच्या पायऱ्या न चढता, चालता चालता एका बटणाने अदलाबदल करता आली पाहिजे, असे मी वहीत लिहून ठेवले. अंगठी शोधतानाही लोखंड पूर्ण गप्प करणे धोक्याचे असते, कारण शेजारी पडलेला खिळा सोन्याचा आवाज झाकून टाकतो आणि आपल्याला तिथे खिळा आहे हेही कळत नाही.

या अटींत बसणारी काही यंत्रे होती. तुर्कस्तानातील नोक्ताचे सिम्प्लेक्स प्लस किमतीला परवडणारे, ११ इंची डबल-डी कॉइलचे आणि पाण्यात तीन मीटरपर्यंत चालणारे आहे, मात्र ते १२ किलोहर्ट्‌झच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर काम करते. त्याच कंपनीचे लेजेंड अनेक फ्रिक्वेन्सींचे आहे. फ्रान्सच्या एक्सपीचे ड्यूस टू उत्कृष्ट असल्याचे सगळेच मान्य करतात, पण भावकीत यंत्रासाठी काढलेल्या वर्गणीच्या ते पलीकडचे होते. ऑस्ट्रेलियातील माइनलॅबने २०१८ मध्ये आणलेल्या इक्विनॉक्स ६०० मध्ये आमच्या सर्व अटी बसत होत्या, आणि एका बटणाने सर्व धातू ऐकण्याची सोयही होती. नव्या यंत्राची किंमत ऐकून दादा म्हणाला की तेवढ्यात दुसरी गाय येईल, आणि हिशेब पाहता त्याचे म्हणणे खोडण्यासारखे नव्हते. म्हणून वापरलेले यंत्र शोधायला लागलो.

खारघरच्या एका गृहस्थांकडे एक इक्विनॉक्स ६०० होते. हे गृहस्थ ते यंत्र समुद्रकिनाऱ्यावर फिरवत असत. त्यांच्याकडे जाताना मी आमच्या वरकसाची माती गोणपाटाच्या पिशवीत भरून बरोबर नेली होती. दोन लाकडी खोक्यांवर फळी टाकून तिच्यावर पिशवी ठेवली, पिशवीखाली अंगठी आणि वरून कॉइल. पिशवी म्हणजे शेत नव्हे, भोवतालची जमीन अशा चाचणीत नसते, पण जे यंत्र पिशवीतल्याच मातीवर गडबडते ते शेतात टिकणार नाही एवढे कळायला ती पुरते. इमारतीजवळ विजेचा अडथळा होता म्हणून आम्ही टेकडीच्या पायथ्याशी मोकळ्या जागेत गेलो. बटण दाबून धरत कॉइल जमिनीलगत काही वेळा वर-खाली केल्यावर आवाज बसला, आणि मग पिशवीखालची अंगठी दोन्ही दिशांनी, आडवे फिरूनही, पडद्यावर धातूनुसार उमटणाऱ्या एकाच आकड्याच्या आसपास येत राहिली. हा दोन्ही दिशांचा सारखेपणाच महत्त्वाचा. एका बाजूने वाजणारा आणि दुसऱ्या बाजूने गायब होणारा आवाज बहुधा खिळ्याचा किंवा मातीचा असतो. कॉइलच्या खालचे आवरण काढून पाहिले तर आत ओली वाळू साचलेली होती. ती धुतली, कॉइलला आणि दांड्याच्या कानांना तडा नसल्याची खात्री केली, चार्जरची केबल लावून पाहिली आणि व्यवहार केला. खड्ड्यातल्या ढेकळांत नेमकी वस्तू दाखवणारा हातातला पिनपॉइंटर मात्र वेगळा, नवीनच घेतला. तो चैनीचा भाग आहे असे मला वाटले होते, पण चिकट ढेकूळ फोडत बसण्याचा वेळ तो इतका वाचवतो की यंत्राइतकाच तो आवश्यक मानावा.

वापरण्यापूर्वी कायद्याचा भाग पाहून घेतला, आणि तो प्रत्येकाने पाहावा. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. त्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. जमीन स्वतःची असली तरी ही जबाबदारी टळत नाही आणि लपवून ठेवल्यास शिक्षेची तरतूद आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी व मूर्ती १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतात, आणि संरक्षित स्मारकाच्या क्षेत्रात परवानगीवाचून खोदकाम करता येत नाही. आमच्या तालुक्यात ही कल्पना अगदीच दूरची नाही: सातवाहनांच्या काळापासून वापरात असलेल्या नाणेघाटाचा कोकणातला पायथा मुरबाड तालुक्यातच वैशाखरे गावाजवळ आहे, आणि बंदरांकडून जुन्नरकडे जाणारा माल याच पट्ट्यातून वर चढत असे. इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हॉक्सन गावी १९९२ साली शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला गेलेल्या एरिक लॉज यांना रोमनकालीन सोन्याचांदीचा प्रचंड साठा लागला. त्यांनी खणणे थांबवून कळवले, म्हणून पुरातत्त्वज्ञांना तो जसाच्या तसा काढता आला. हातोडाही सापडला आणि आता तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आम्ही घरात ठरवले की जुने काही दिसले तर हात न लावता खड्डा तसाच ठेवायचा आणि तहसील कार्यालयात कळवायचे. आतापर्यंत तशी वेळ आलेली नाही.

काम भात निघाल्यावर सुरू केले. धसकटे उभी असली की कॉइल जमिनीपासून चार बोटे वरच राहते आणि वितीतली चार बोटे तिथेच वाया जातात, म्हणून दादाने आधी धसकटे जमिनीलगत कापून घेतली. सुतळीने पट्टे आखले आणि प्रत्येक फेरीत कॉइल मागच्या फेरीवर अर्धी चढेल अशी, जमिनीला समांतर, सावकाश फिरवली. खाचराच्या कडेने विजेची लाइन गेलेली आहे. तिच्याखाली यंत्र कुरकुरू लागले की नॉइज कॅन्सल करून सेन्सिटिव्हिटी दोन पायऱ्या उतरवावी लागते, आणि विहिरीची मोटार तेवढा वेळ बंद ठेवावी लागते. सेन्सिटिव्हिटी उतरवल्याने आपण काही गमावतो असे वाटते खरे, पण आमच्या मातीत ती चढवून ऐकू येते ते अधिक खोलीचे नसून मातीचेच असते.

इक्विनॉक्सच्या पडद्यावर लोखंडाला उणे ९ ते शून्य आणि इतर धातूंना १ ते ४० असे आकडे येतात. तारेचे तुकडे बहुतेक उण्यातच येत. आडवा पडलेला खिळा दोन टोकांचे दोन आवाज देई. रोटाव्हेटरचे तुटलेले पाते मात्र मोठे, चपटे लोखंड असल्यामुळे चांदीच्या तोऱ्यात वरचा आकडा दाखवत वर आले, आणि दादाने ते पाहून त्या पात्याचे बिल कधी भरले होते तेही सांगितले. कंगोरेदार कडांचा, ॲल्युमिनियमचा दहा पैसा निघाला. औषधांच्या गोळ्यांच्या पाकिटांचा चंदेरी वर्ख पुष्कळ निघाला. ही पाकिटेच खरी डोकेदुखी आहेत, कारण त्यांचे आकडे आणि बारीक अंगठीचे आकडे एकाच पट्ट्यात पडतात. पाकिटे गाळायची ठरवली तर अंगठीही गाळली जाते, म्हणून त्या पट्ट्यातला प्रत्येक आवाज खुरप्याने उकरून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. सोनसाखळी असती तर काम आणखी अवघड झाले असते. बारीक कड्यांच्या साखळीत प्रवाह अखंड फिरत नाही आणि यंत्राला जणू एकेक कडी वेगळी दिसते.

पाइपचा प्रश्न सर्वांत लवकर सुटला. सर्व धातू ऐकण्याचे बटण दाबून मी विहिरीपासून आडव्या फेऱ्या मारल्या, जिथे जिथे रुंद, लांबलेला आवाज आला तिथे दादाने चुन्याची चिमूट टाकली, आणि चिमट्या जोडल्यावर रेघ सरळ जुन्या आंब्याकडे गेली. घरातल्या तीन मतांपैकी एकही बरोबर नव्हते.

तारांच्या दोन खाचरांतून पत्र्याचा डबा भरून लोखंड निघाले आणि यंदाचा पेंढा त्याच खाचरांचा गोठ्यात गेला आहे. तरीही डॉक्टरांच्या सल्ल्याने बाकीच्या गुरांनाही चुंबक देऊन घेतले. यंत्राने वेचले म्हणजे सगळे गेले असे मानता येत नाही. वहिनींच्या अंगठीचे खाचर निम्म्याहून थोडे अधिक पाहून झाले आहे. उरलेल्या भागात दादाने वाल पेरला आहे, त्यामुळे तो भाग पीक निघाल्यावर पाहायचा. “वाल तुडवून अंगठी नको,” असे वहिनींनीच बजावले.

गावातून यंत्र मागायला येणाऱ्यांचे काय करायचे हा विषय मात्र मला अपेक्षेपेक्षा जास्त सांभाळावा लागला. ज्याच्या शेतात तार आहे किंवा ज्याची वस्तू हरवली आहे त्याच्याकडे दादा स्वतः यंत्र घेऊन दिवसाउजेडी जातो. जुन्या वाड्यांच्या पडक्या जोत्यांवर किंवा देवळाच्या आवारात चालवायला ते कोणालाही मिळत नाही, मग कोणी कितीही जवळचा असो. एक-दोघे त्यावरून नाराज आहेत.

राहता राहिली पाडलेल्या जुन्या गोठ्याची जागा. तिथे छपराच्या खिळ्यांची इतकी दाटी आहे की ११ इंची कॉइलखाली एका वेळी चार-पाच खिळे येतात आणि आवाजांची एकमेकांत मिसळण होते. याच यंत्राला बसणारी ६ इंची कॉइल मिळते. ती खोलीला कमी, पण एकेक खिळा सुटा करून सांगणारी असते. त्या जागेवर या वर्षी गवत लावायचा दादाचा विचार आहे, म्हणून ती कॉइल मे महिन्यापूर्वी मागवायची आहे आणि भावकीत तिची वर्गणी गोळा होत आहे.